आवाज कमी करायचं बटन

डिचोलीत गाडीला गाण्यांचा डेक बसवायचा असला तर लोक अजून शिवदासकडे पाठवतात, आणि पाठवताना एक सूचनाही देतात, की घाई असेल तर जाऊ नका. शिवदास मूळचा पेडण्यातल्या कोरगावचा. काजूच्या बागेत वाढला, पण काजूत त्याचं मन कधी रमलं नाही. रमलं ते तारांत. गोवा राज्य झालं त्या वर्षी तो सुर्ल्याला खाणीवरच्या ट्रकांना कॅसेटचे डेक बसवत होता. ट्रकवाले कोल्हापूर-बेळगावकडचे. त्यांना आवाज असा लागायचा की मागच्या मातीचा थर हलला पाहिजे. शिवदास तो हलवून द्यायचा. पुढे त्याने डिचोलीच्या बाजारात दुकान काढलं आणि तिथेच तो साठीला आला.

या माणसाचं एक वेड सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. नव्या गाडीच्या स्टिअरिंगवर बटनं असतात, आवाज वाढवायचं, कमी करायचं, गाणं बदलायचं. गिऱ्हाइकाने बाहेरचा डेक आणला की ती बटनं मुकी होतात, कारण नव्या डेकला त्यांची भाषा कळत नाही. बहुतेक फिटर स्टिअरिंगमधून येणाऱ्या त्या दोन बारीक तारा टेपात गुंडाळतात, डॅशबोर्डच्या पोटात ढकलतात आणि गिऱ्हाइकाला म्हणतात, सवय होईल. शिवदास तसं करत नाही. तो डेकला एकेक बटन शिकवतो. डेक शिकायच्या तयारीत ठेवायचा, बटन दाबून धरायचं, त्याची खूण डेकने मोजून लक्षात ठेवली की पुढचं बटन. तेवढ्याने भागलं नाही तर मध्ये एक छोटी डबी जोडायची. डबी यायला चार दिवस लागले तर गाडी चार दिवस दुकानासमोर उभी. एका डॉक्टरने वैतागून सांगितलं, मला बटनं नकोत, गाडी द्या. शिवदासने किल्ली खिशात घातली आणि जेवायला निघून गेला.

लोक हसायचे. याच्याच डोक्यातली एक तार सैल आहे म्हणायचे. पण हा माणूस पूर्वी असा नव्हता, हे त्यांच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. २०११ पर्यंत तोही तारा टेपात गुंडाळणाऱ्यांतलाच होता.

त्या वर्षी सुर्ल्याच्या खाणीवर वजनकाट्याला महादेव नावाचा कारकून होता. सरळ माणूस. मुलीच्या हट्टासाठी त्याने गाडीत मोठ्या पडद्याचा डेक बसवून घेतला, शिवदासकडून. आठवड्याने तो परत आला.

"शिवदासा, तीं बटनां चालू करून दी रे. त्या वळणार माका हात काढूचो पडता."

"बाहेरचो डेक, म्हादेवबाब. बटनां चालूचीं नाय. जाता सवय."

वळण कुठलं ते सांगायची गरज नव्हती. सुर्ल्याहून डिचोलीकडे येताना सातविणीचं एक जुनं झाड आहे, खाली एक दगड. ती राखणदाराची जागा. राखणदार म्हणजे गावाची शीव सांभाळणारा. कांबळं पांघरून, हातात काठी घेऊन तो फिरतो, असं इथे लहान पोरालाही माहीत असतं. त्याच्या जागेवरून जाताना गाडीतलं गाणं बंद करायचं, हॉर्न वाजवायचा नाही. वळण सरलं की खुशाल लावा. परमुलखातले ट्रकवालेसुद्धा हे पहिल्या आठवड्यातच शिकायचे. महादेव इतकी वर्षं अंगठ्याने आवाज शून्यावर आणायचा, नजर रस्त्यावर ठेवून. आता त्याला स्टिअरिंग सोडून पडद्याकडे वाकावं लागत होतं.

तो दुसऱ्यांदा आला तेव्हा शिवदास म्हणाला, डबी म्हापशाहून मागवावी लागेल, सोमवारी बघू. येत नव्हतं असं नाही. कंटाळा होता, दुसरं काही नाही. त्याच आठवड्यात, शुक्रवारी भर दुपारी, त्या वळणावर बंद पडून उभ्या असलेल्या ट्रकच्या मागे महादेवची गाडी घुसली.

पोलिसांनी लिहिलं, चालकाचा निष्काळजीपणा. गावाने त्याहून वाईट निकाल दिला. गाणं वाजवत गेला असणार, गाव म्हणालं, मान मोडला आणि भोगलं. आमच्याकडे माणूस गेला की त्याची चूक शोधल्याशिवाय कुणाला घास गिळवत नाही, हे मला कधीच आवडलेलं नाही. महादेवची बायको सत्यवती हिने ते खाली मानेने ऐकलं. तेव्हापासून दर वर्षी ती त्या दगडापुढे रोट ठेवते, म्हणजे जाड भाकर, आणि नवऱ्याच्या वतीने क्षमा मागते, चारचौघांसमोर.

खरं काय ते एका शिवदासला माहीत होतं. डेक काढायला त्याला गॅरेजात बोलावलं होतं. चेपलेल्या गाडीला त्याने बॅटरी जोडली, पडदा उजळला, आणि त्यावर आवाजाचा आकडा होता शून्य. महादेवने आवाज बंद केला होता. मान दिला होता. त्यासाठी एक हात आणि दोन डोळे रस्त्यावरून काढले होते, इतकंच. शिवदासने तारा उपटल्या, डेक जळाला म्हणून सांगितलं, आणि गप्प बसला. आठ वर्षं गप्प बसला. बुधवारच्या बाजारात सत्यवती दिसली की तो भाजीवाल्यांची रांग सोडून मागच्या गल्लीने जायचा. येणाऱ्या प्रत्येक गाडीची बटनं मात्र चालू करून द्यायचा, जणू त्याने काही फिटणार होतं.

२०१९ च्या मार्चमध्ये, दुपारी पाऊणच्या सुमाराला, ती गाडी त्याच्या दुकानापुढे येऊन थांबली. पुढचा भाग नवा, रंग किंचित वेगळा, डेकच्या जागी चौकोनी भोक. त्याने गाडी लगेच ओळखली. आतून महादेवची मुलगी उतरली, सुविधा, तेवीस वर्षांची.

"शिवदासकाका, माका पेडण्यांत नोकरी मेळ्ळ्या. रोज जावंचें येवंचें. आई म्हणटाली गाडयेंत गाणीं नकोत. पण इतकी वाट मुकाट्यान कशी सरतली?" तिने नव्या डेकचा खोका पुढे केला. "आनी स्टिअरिंगाचीं बटनां चलूंक जाय. त्या वळणार लागतात."

शिवदासला नाही म्हणता आलं नाही. ती मावशीकडे जेवायला गेली. एक वाजला, बाजाराने फळ्या लावल्या. डिचोलीत दुपारी एक ते साडेतीन काही हलत नाही. रस्ता मधोमध उन्हात पडून असतो आणि आपल्याच चपलांचा आवाज आपल्याला नकोसा होतो. शिवदासने डेक बसवला, त्या दोन तारा टेप सोडवून बाहेर काढल्या. टेप त्याचाच होता, आठ वर्षांपूर्वीचा. तारा जोडून त्याने डेक शिकायच्या तयारीत ठेवला आणि पडद्यावरच्या आवाज कमी करायच्या ओळीवर बोट टेकलं. आता स्टिअरिंगवरचं बटन दाबायचं होतं.

त्याचा हात अजून मांडीवर होता, आणि डेकने खूण घेतली. ओळ हिरवी झाली. शिकलो, असं डेक सांगत होता.

त्याने पुसून टाकलं. पुन्हा लावलं. दोन्ही हात वर धरून बसला. ओळ पुन्हा हिरवी झाली.

घाबरणारा माणूस नव्हता तो. तारेचा दोष तारेतच असतो, हे त्याचं आयुष्यभराचं शास्त्र. स्टिअरिंगच्या आत एक गुंडाळलेली पट्टी असते, चाक फिरलं तरी तारा तुटू नयेत म्हणून. अपघातात ती चिमटली असेल. त्याने मीटर लावला. आकडा असा की आवाज कमी करायचं बटन कुणीतरी दाबून धरलं आहे. चाक उघडून पट्टी पाहिली; पट्टी नवी, दुरुस्तीत बदललेली. बटनं सुटी करून पाहिली, स्वच्छ. जोडणी सोडवून पुन्हा जोडली. मग मात्र मीटर गप्प झाला आणि एकेक बटन शहाण्यासारखं शिकत गेलं. शेवटी त्याने सगळ्यांवरून अंगठा फिरवला. बाकीची बटनं गार होती. आवाज कमी करायचं बटन कोमट लागलं, कुणीतरी नुकताच अंगठा उचलल्यासारखं.

गाडी सावलीत होती.

तीन वाजता सुविधा आली. तिच्या हाती गाडी द्यायला त्याचा जीव होईना. "वळणापर्यंत हांवूय येतां," तो म्हणाला, "एकदा बघून घेतां." तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. ती चालवू लागली, तो बाजूला बसला. डेकवर गाणं लागलं होतं, आकडा चौदा. खाणी बंद पडल्यापासून त्या रस्त्याला ट्रक राहिले नव्हते. दोन्ही बाजूंच्या झाडांवर लाल धूळ मात्र अजून होती.

सातविण दिसली. शिवदासची नजर तिच्या हातांवर होती. दोन्ही अंगठे चाकाच्या कडेला, बटनांपासून चार बोटं लांब. वळण यायला थोडं अंतर असताना आकडा उतरू लागला. तेरा, बारा, अकरा, एकेक करत, सवयीचा माणूस उतरवतो तसा. गाडी दगडासमोर आली तेव्हा शून्य. गाडीत फक्त टायरांचा आवाज. वळण सरलं आणि आकडा चढत पुन्हा चौदावर गेला.

"बरें केलात," सुविधा म्हणाली. "हें तुमी शिकयलें ताका?"

डेकला रस्ता शिकवता येत नाही. शिवदासने तिला गाडी फिरवायला लावली. सुर्ल्याकडून डिचोलीकडे, महादेव यायचा त्या बाजूने. तेच झालं. या वेळी दगडासमोर येण्याआधी बटनं विसरून तिचा हात डेककडे निघाला होता, आणि तिच्या आधी आकडा उतरला. तिने हात परत चाकावर ठेवला.

"गाडी थांबय, बाय," तो म्हणाला.

तिथेच, सातविणीच्या पुढे रस्त्याच्या कडेला, त्याने तिला सगळं सांगितलं. टेप, सोमवार, पडद्यावरचं शून्य. सांगताना तो समोरच्या काचेकडे बघत राहिला. तिला भीती वाटेल, राग येईल, रडू येईल, असं त्याने धरलं होतं. तिने फक्त डेक बंद केला.

"म्हजी आई आठ वर्सां त्या फातराकडे बाबाची चूक म्हणून माफी मागता," ती म्हणाली. "हें तिका तुमी सांगूंक जाय. हांव सांगचें ना."

तशीच ती दोघं घरी गेली. सत्यवती अंगणात आमसुलं वाळत घालत होती. शिवदास उभ्यानेच बोलला. ती हातातलं काम न थांबवता ऐकत होती. गोष्ट शून्यावर आली तेव्हा मात्र तिचे हात थांबले. तिने विचारलं ते इतकंच, की आकडा नीट पाहिला होता ना. तो म्हणाला, पाहिला होता. मग ती आत गेली, आणि आतून बाहेर यायला तिला फार वेळ लागला. तिचे डोळे कोरडे होते, आणि त्याला ते जास्त जड गेलं.

"बाजारांत माका बघून तुमी गल्लेंतल्यान जाताले," ती म्हणाली. "माका वाटतालें, मान मोडिल्ल्याची बायल म्हणून तुमकां माजें तोंड बघूचें नाय."

"नाय, वयनी."

"ह्या वर्साचो रोट तुमी घालात. गाऱ्हाणें तुमच्या नांवान. मोठ्यान."

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उघड मांडलेली तक्रार किंवा कबुली. गावकर, म्हणजे गावाचा मानकरी, एकेक वाक्य म्हणतो आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार भरतात. होकार आला की ते वाक्य सगळ्या गावाचं होतं. त्या एप्रिलात सातविणीखाली पन्नास-साठ माणसं उभी होती, बहुतेक तीच, जी आठ वर्षं महादेवला दोष देत आली होती. दुपारचे बारा. झाडाची सावली दगडापुरती उरली होती आणि रस्त्यावर एकही गाडी नव्हती. गावकराने सुरुवात केली: बारा वाड्यांच्या, शीव राखणाऱ्या. लोक म्हणाले, व्हय म्हाराजा. शिवदास कोरगावकार तुज्या पायाकडे आयला. व्हय म्हाराजा.

पुढचं त्याने स्वतः म्हणायचं होतं. "म्हादेवान तुजो मान राखिल्लो," तो म्हणाला, "चूक माजी. माज्या आळसान तो गेलो, आनी हांव आठ वर्सां गप्प रावलों."

कुणी होकार भरला नाही. लोक पायाकडे बघत राहिले. होकार भरायचा तर इतकी वर्षं आपण काय बोललो तेही त्यात आलं. सातविणीचं पान हललं नाही. गावकराने एकदा वळून पाहिलं, पुन्हा दगडाकडे तोंड केलं आणि वाट बघितली.

मग मागून एकच आवाज आला, बाईचा, न चढवलेला.

"व्हय म्हाराजा," सत्यवती म्हणाली.