तांबडी चांदणी आणि वाकडं घावन

गौरीपूजनाच्या दिवशी आमच्या चौलच्या घरात फार शांतता होती... सणाला नको वाटावी अशी.

झालं असं, की नैवेद्याची घावनं दरवर्षी सासूबाई घालतात. यंदा त्यांचा हात फार थरथरतो. पहिलं घावन तव्यावर फाटलं, मग दुसरंही. नैवेद्याला फाटकं कसं ठेवायचं, म्हणून धाकट्या जावेनं, मंजिरीनं, हलकेच त्यांच्या हातातली वाटी घेतली. "आई, तुम्ही बसा. मी घालते."

तिच्या मनात काही नव्हतं. पण आई उठल्या त्या मागच्या पडवीत जाऊन बसल्या. जेवणं झाल्यावर एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वर्षीपासून गौरी पनवेलला न्या. माझ्याच्यानं आता होत नाही."

पनवेलला मंजिरीचा फ्लॅट आहे. गौरी तिकडे गेल्या की इथे यायला कोणाला निमित्त उरणार नाही, आणि आईंना एकटं ठेवता येणार नाही... म्हणजे या घराला कुलूपच. सगळ्यांना ते कळलं.

संध्याकाळी पाऊस उघडला. सकाळी एका मैत्रिणीचा मेसेज आला होता, आज चंद्राशेजारी जी तांबडी चांदणी दिसेल ती ज्येष्ठा, चुकवू नकोस. वाडीत नारळी-पोफळींमुळे आभाळ दिसत नाही, विहिरीपाशी तेवढं मोकळं आहे. आईंचा हात धरून त्यांना तिथे नेलं.

अर्धा चंद्र होता, आणि त्याच्या अगदी जवळ निखाऱ्याच्या ठिणगीसारखी ती...

"आई, ही ज्येष्ठा. जिच्यावर आपण गौरी पुजतो ना, ती."

"चल, काहीतरीच! ज्येष्ठा म्हणजे वेळ असते. कॅलेंडरात लिहितात ना, इतक्या वाजेपर्यंत."

हसू आलं, पण मी तरी आजवर वेगळं काय केलं होतं? ज्येष्ठा किती वाजेपर्यंत आहे, हे दरवर्षी विचारायचं आणि स्वयंपाकाची घाई करायची. मान वर करून कोणी बघितलंच नाही.

मग मला माहीत होतं तेवढं सांगितलं. हा तारा म्हातारा झालाय. म्हातारपणी असे तारे फुगतात, वरून थोडे थंड होतात, म्हणून तांबडे दिसतात. आपल्या सूर्यापेक्षा ही कितीतरी मोठी आहे...

"म्हातारपणी फुगायचं? आमच्या वन्संसारखं!" आई हसल्या. दिवसभरात पहिल्यांदा.

मग बराच वेळ बघत राहिल्या. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना लांबचं छान दिसतं.

"थरथरते की गं ही."

"हो..." म्हटलं. थरथर ताऱ्याची नसते, मधल्या हवेची असते, हे मला ठाऊक होतं. पण तेवढं नाही सांगितलं.

"थांब इथेच," म्हणून त्या घरात गेल्या आणि हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आल्या. आभाळाकडे बघत चिमूट सोडली. निम्मं कुंकू विहिरीच्या कठड्यावर सांडलं. "इतकी वर्षं नुसतं नाव घेतलं हिचं. तोंड आज बघितलं."

तेवढ्यात मंजिरी शोधत आली. "दोघी इथे काय करताय? हळदीकुंकवाला बायका येतील आता."

"घावनाचं पीठ उरलंय का गं?" आईंनी विचारलं.

"आहे थोडं..."

आई पुन्हा तव्यासमोर बसल्या. हात सकाळसारखाच थरथरत होता. घावनाची कडा खाडीच्या काठासारखी वेडीवाकडी झाली... पण या वेळी फाटलं नाही.

मंजिरीनं ते अलगद उचललं आणि थेट गौरींपुढच्या पानात नेऊन ठेवलं. "फाटलेलं नाहीये, नुसतं वाकडं आहे. गौरींना चालेल."

आईंनी तिच्याकडे बघितलं नाही. तव्यावर तेल फिरवत म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पीठ जरा पातळ भिजवा. इथला तवा जुना आहे, जाड पीठ धरून ठेवतो."

इथला तवा... मी आणि मंजिरीनं फक्त एकमेकींकडे बघितलं.

मैत्रिणीला रात्री 'दिसली गं, थँक्यू' एवढंच लिहिलं होतं. ते थँक्यू नक्की कशासाठी होतं, ते तिला आज इथे वाचून कळेल.