घडीतली गल्ली

आमच्या दारव्ह्यात रस्ता कोणालाही विचारावा, पण गादीवाल्या चाचांना विचारू नये. ते तुम्हाला बरोबर पोचवतील, फक्त पन्नास वर्षं मागे. "सिधा जा, जिनिंगच्या भिंतीपासून डाव्या हातले, मंग चिंचेखालून." कापसाची जिनिंग पडली, चिंच तुटली, तिथे आता मोबाईलची दुकानं आहेत. पाहुणा बिचारा तासभर भटकून परत आला की चाचाच त्याच्यावर तापायचे, "डोये घरी ठेवून आला काय बे?"

जन्मभर कापूस पिंजून गाद्या भरल्या आणि म्हातारपणी हे नकाशाचं खूळ! माझं झेरॉक्सचं दुकान, म्हणून ते माझ्याच बोकांडी बसलं. कुठूनसा त्यांनी गावाचा जुना नकाशा मिळवला आणि माझ्याकडून त्याच्या मोठ्या प्रती काढून घेऊ लागले. आठवडी बाजारात पोतं अंथरायचं, त्यावर नकाशा, चार कोपऱ्यांवर चार कांदे. मग दिसेल त्या म्हाताऱ्याला हाक, "ओ भाऊ, तुमचं घर कुठी होतं? ठेवा बोट!" बोट ठेवलं की तिथे नाव लिहायचे. एकदा दोन सख्ख्या जावांनी एकाच घरावर बोट ठेवलं आणि अशा भांडल्या की अर्धा बाजार थांबला. चाचांनी शांतपणे मधोमध रेघ मारून घराची वाटणी करून दिली.

साऱ्या गावाची घरं लागली, चाचांचंच लागेना. त्यांची पिंजाऱ्यांची गल्ली रस्ता रुंद झाला तेव्हाच गेली होती, आणि नकाशात ती यायला हवी तिथेच नेमकी मधली घडी. घडी घासून कागद पांढरा पडलेला. "साऱ्याईचं घर भेटलं, माही अम्मीच तेवढी घडीत बसली," म्हणायचे आणि हसायचे.

शेवटी मीच हातपाय हलवले. यवतमाळच्या एका निवृत्त गुरुजींकडे त्याच नकाशाची नवी छापील प्रत निघाली. चांगल्या, बिनघडीच्या मूळ कागदावरून काढलेली. ती घेऊन गेलो तेव्हा चाचांनी आधी हात धुतले. एव्हाना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेले, म्हणून म्हणाले, "तूच पाह्य. गल्ली हाय ना?"

घडी नव्हती. गल्लीही नव्हती. तिथे स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं, 'पडीत जागा'. खोटं सांगावं असं फार वाटलं, पण चाचांपुढे जीभ रेटेना. वाचून दाखवलं.

चाचा कागद थोपटत राहिले, गादी थोपटावी तसे.

"पडीत?" ते म्हणाले. "सात घरं होती राजा. दिवसभर कापसावर धनुकलीचा आवाज चाले. त्या नकाशावाल्याले ऐकू नसंन येत काय? आण पेन्सिल. माहं बोट धर अन् त्या जागेवर ठेव."

मी बोट धरलं. चाचांनी सात घरं काढली, एक कडुनिंब काढला, आणि शेवटच्या घराला दार काढलं. उघडं.

आता चाचा वणीला लेकीकडे असतात. डोळे जवळपास गेलेच. बाजाराच्या दिवशी माझी नजर उगाच त्या कोपऱ्याकडे जाते आणि फार चुकल्याचुकल्यासारखं होतं. गावाचा इतिहास शोधत कोणी नकाशा मागायला आला की मी त्याच कागदाची प्रत काढून देतो. झेरॉक्समध्ये छापलेली रेघ आणि पेन्सिलची रेघ सारखीच काळी येते.

दर बाजाराला चाचांचा फोन येतो. बाकी काही विचारत नाहीत.

"गल्ली हाय ना रे?"

"हाय चाचा. दारही उघडंच हाय."