दोन माणसांचा कॉम्प्युटर

आमच्या हवालदारांइतका आज्ञाधारक विद्यार्थी ज्या मास्तराच्या नशिबी आला, त्या मास्तराचं वाटोळं ठरलेलं आहे. उनाड विद्यार्थी आपलं ऐकतच नाही, त्यामुळे आपल्या चुका त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. हवालदार सगळं ऐकत. मी सांगितलेलं तर करतच, पण न सांगितलेलंही, केवळ मी करतो म्हणून करत. एंटर दाबण्याआधी नाकावर घसरलेला चष्मा वर सारायची मला सवय आहे. वर्ग सुरू होऊन महिना झाल्यावर माझ्या ध्यानात आलं, की माझे सगळे विद्यार्थी एंटर दाबण्याआधी डाव्या हाताचं बोट नाकावरून कपाळाकडे नेतात. त्यातल्या बहुतेकांना चष्माच नव्हता. विचारलं तर हवालदार ताडकन उभे राहिले. "उस्ताद, तुमीच तर शिकिवलंय. नाकाला हात लावल्याबिगर एंटर बसत न्हाई."

फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. उभ्या आयुष्यात मला कुणी उस्ताद म्हटलं नव्हतं. औरादच्या एका कचेरीत मी कॉम्प्युटरसमोर नोकरी काढली हे खरं, पण आमचं नातं दूरच्या पाहुण्यासारखं होतं. तो रुसला की मी त्याला बंद करायचो, चहा पिऊन यायचो आणि पुन्हा चालू करायचो. एवढ्या विद्येवर मी निवृत्त झालो आणि बीदरला येऊन राहिलो. मग आमच्यासारख्या काही रिकाम्या माणसांनी ठरवलं, की बसस्टँडमागच्या बेघरांच्या निवाऱ्यात जे जुने फौजी राहतात त्यांना कॉम्प्युटर शिकवावा, म्हणजे कुठे गेटवर, गोदामावर काम मिळेल. मी समाजसेवेच्या उमाळ्याने गेलो असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे मला बायकोने पाठवलं. "घरात बसून माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटायलाव, त्यापेक्षा जावा तिकडं," असं तिचं निमंत्रण होतं.

हवालदार मूळचे कमठाण्याचे. पेन्शन बसण्याएवढी नोकरी होण्याआधीच फौजेतून घरी आले. भावाशी एका शब्दावरून बिनसलं, तशी ट्रंक उचलून घराबाहेर पडले. तो शब्द कोणता, हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. पुढे कुठे कुठे पहारेकरी म्हणून राहिले आणि अंगातली उमेद सरली तेव्हा बसस्टँडच्या बाकावर झोपू लागले. पण बाकावर झोपतानाही बूट पुसून, जोडीने उशाशी ठेवायचे. दाढी रोज. मिशीचं तर विचारूच नका. निवाऱ्यात पाण्याची टंचाई असली की बाकीचे लोक पिण्यापुरतं पाणी राखून ठेवत, हवालदार मिशीपुरतं.

पहिल्या दिवशी मी त्यांच्या हातात माउस दिला आणि कुणीतरी बोलावलं म्हणून बाहेर गेलो. परत येऊन पाहतो तर टेबलावर पांढरा रुमाल अंथरलेला, आणि त्यावर माउसचे सगळे अवयव ओळीने मांडलेले. हवालदार प्रत्येकावर बोट ठेवून बाकीच्यांना नावं सांगत होते. नावं त्यांनीच ठेवलेली होती. "हत्यार खोलून बघितल्याबिगर चालवाया येतंय का, उस्ताद?" मला हो म्हणावं लागलं, कारण मीही ते आतून पहिल्यांदाच पाहत होतो. आश्चर्य म्हणजे त्यांनी ते पुन्हा जोडलं आणि चाललंही. त्या यशाने त्यांना जोर चढला. पुढच्या रविवारी त्यांनी कीबोर्डला खोबरेल तेल दिलं, प्रत्येक बटणाच्या फटीतून, चिंधीचा बोळा करून, बंदुकीच्या नळीला देतात तसं. त्यानंतर पंधरा दिवस आमच्या निवाऱ्यात कुठलंही अक्षर दाबलं की त्याचे दोन-तीन भाऊबंदही सोबत उमटायचे आणि सगळ्या वर्गाला न्हाऊन आलेल्या बाईच्या केसांचा वास यायचा.

पण हे सगळं मी सोसलं असतं. सोसवलं नाही ते त्यांचं 'नंबर दोन'. फौजेत मशीनगनवर दोन माणसं असतात. नंबर एक गोळी झाडतो, नंबर दोन गोळ्या पुरवतो आणि निशाणा बघतो. हवालदारांनी कॉम्प्युटर पाहिला, त्याला दोन हत्यारं जोडलेली दिसली, आणि त्यांनी तिथल्या तिथे निकाल दिला, की हे एका माणसाचं काम नव्हे. कीबोर्डवर स्वतः बसले आणि माउसवर शेजारच्या बाकावरचा जोडीदार बसवला. हा जोडीदार औरादकडचा, तेलुगू-मराठी दोन्ही मिसळून, पण एकूणच कमी बोलणारा. फौजेत तो लंगरात स्वयंपाकी होता. "मी कुणावर गोळी झाडलो न्हाई साब," त्याने मला एकदा शांतपणे सांगितलं, "वरणातल्या मिठानं मात्र लई जणांला मारलंय." बसस्टँडवर थंडीत एका घोंगडीखाली या दोघांची गाठ पडली होती आणि तेव्हापासून ते एकमेकांना सोडून पाणी प्यायलाही जात नसत.

"नंबर एक तयार!" हवालदार ओरडत. "नंबर दोन तयार!" स्वयंपाकी पुटपुटे. मग हवालदार नाव टाइप करत, "बढो!" म्हणत, की स्वयंपाकी माउस सरकवून पुढच्या चौकटीवर टिचकी मारे. मी किती सांगितलं, की अण्णा, जगात सगळे एकेकटेच करतात. ते नम्रपणे ऐकून घेत. एकदाच म्हणाले, "करत असतील उस्ताद. म्हणून तर जगात इतक्या चुका व्हायल्यात." आणि खरं सांगायचं तर दोघं मिळून माझ्यापेक्षा वेगाने काम करत. त्यामुळे माझा उपदेश दिवसेंदिवस बारीक आवाजात होऊ लागला.

अशात निवाऱ्याची इमारत दुरुस्तीसाठी रिकामी करायची ठरली. उन्हाळा लागायच्या आत सगळ्यांनी आपापली सोय बघायची होती. बाकीच्यांची कुणाची कुठे, कुणाची कुठे झाली. हे दोघं मात्र पुन्हा त्याच बाकांवर जाणार अशी चिन्हं दिसू लागली. आता दोघांचंही वय बाकावर झोपायचं राहिलं नव्हतं. स्वयंपाक्याला तर रात्रभर खोकला असायचा. मी आयुष्यात प्रथमच चार ओळखी वापरल्या, तेव्हा एका मुलींच्या वसतिगृहात गेटवर जागा निघाली. येणाऱ्या-जाणाऱ्याचं नाव कॉम्प्युटरमध्ये भरायचं, पगार बरा, आणि मुख्य म्हणजे गेटला लागून राहायला खोली. पण माणूस एक. मी हवालदारांना बजावलं, "आत एकट्यानं जायचं. एकट्यानं करून दाखवायचं. हा हुकूम आहे." त्यांनी सलाम ठोकला. स्वयंपाकी बाहेर पायरीवर बसला आणि उगाच आपल्या पायाची नखं बघत राहिला.

वसतिगृहाच्या अक्का म्हणजे कपाळाला विभूती, बोलायला खणखणीत बाई. त्यांनी हवालदारांना खुर्ची दिली आणि एका पाहुण्याचं नाव भरायला सांगितलं. मी दाराशी उभा, जणू माझाच निकाल. हवालदारांनी नाव झकास टाइप केलं. मग हात मांडीवर ठेवला आणि समोर बघत म्हणाले, "बढो!" काहीच हललं नाही. त्यांनी उजवीकडे पाहिलं. माउस तिथेच होता, हाताच्या अंतरावर. तो त्यांना चालवता येत नव्हता असं नाही. मी स्वतः शिकवला होता, म्हणजे थोडाफार तरी येतच असणार. पण ते खुर्चीवरून उठले.

"कामून उठलाव?" अक्कांनी विचारलं.

"बाईसाब, हुकूम एकट्याचा हाय. पर खोली मिळाली तर मी आत झोपणार अन् तो बाकावर खोकणार. ते न्हाई जमायचं मला. माफी द्या."

ज्या माणसाने नाकाला हात लावण्यापर्यंत माझं सगळं ऐकलं, त्याने पहिल्यांदाच माझा हुकूम मोडला होता. मला राग यायला हवा होता. आला नाही, उलट डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला मी तिथल्या कॅलेंडरवरची अमावास्या शोधू लागलो. अक्कांनी वाकून दारातून पायरीवरच्या स्वयंपाक्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "रातच्याला बी माणूस लागतोच की मला. दिवसा एक, राती एक. खोली मातर एकच हाय, खाट बी एकच. चालतंय का?" हवालदारांनी बाहेर धाव घेतली आणि पायरीवरच्या स्वयंपाक्याला असं काही उचललं की त्याला खोकल्याची उबळ आली.

मी गावभर मिरवलो. बायकोलाही दोनदा सांगितलं. मग दिवाळीत, मुली गावोगाव गेल्यावर, फराळाचा डबा घेऊन तिन्हीसांजेला गेटवर गेलो. दिवसाची पाळी संपून रात्रीची लागायची वेळ होती. दोघंही कॉम्प्युटरसमोर, एक कीबोर्डवर, एक माउसवर. हवालदार म्हणाले, दिवसभराची नावं कागदावर टिपून ठेवतो आणि पाळी बदलताना दोघं मिळून भरतो. सकाळी रात्रीची, संध्याकाळी दिवसाची. माझ्यातला उस्ताद दुखावला.

"अण्णा, अजून एकट्याला येत नाही?"

"येतंय की उस्ताद. नंबर दोनला बी येतंय. कवाच शिकलाव."

"मग असं कामून?"

हवालदारांनी मिशीवरून हात फिरवला. "तो दिवसा जागतोय, मी राती. तो खाटंवरून उठतोय तवा मी पडतो. एका खोलीत ऱ्हायलाव उस्ताद, पर एकमेकांला बघायचं कवा?"

मी डबा उघडून मधे ठेवला आणि स्टूल ओढून बसलो. वसतिगृह रिकामं होतं. त्या दिवशी पाहुणा एकच आला होता, तो म्हणजे मी. माझं एक नाव भरायला त्या दोघांनी अर्धा तास लावला, आणि मी घाई केली नाही.