क्रुम्पली की बाराबोल्या

सैन्यात यायच्या आधी पारास्का ताफियचुक कोलोमियाच्या बसस्टँडवर गाड्यांच्या घोषणा करायची. तोच आवाज तिने दोनेत्स्कच्या आघाडीवर जसाच्या तसा आणला. आमच्या तळघरात बसून ती तुकडीचा वायरलेस सांभाळायची आणि कुणी जरा लांबण लावली की तिथल्या तिथे कापायची. "कोण, कुठून, कुठे, एवढं सांग. प्रवासवर्णन नकोय मला."

नवे हँडसेट आले तेव्हा पोरं चेकाळलीच. यातलं बोलणं कुलूपबंद जातं. आमची किल्ली, म्हणजे गुप्त आकडा, भरलेला सेट हातात नसेल, तर पलीकडच्या शत्रूला नुसती खरखर ऐकू येते. झालं, सगळ्यांची तोंडं सुटली. एक खोट मात्र होती. त्यातून सगळ्यांचे आवाज सारखेच पत्र्याचे यायचे. माझा कुठला आणि कप्तानाचा कुठला, माझ्या आईलाही कळलं नसतं.

सगळ्यांत वाचाळ फेदिर होमोकी. डोंगरापलीकडचा, हंगेरीच्या सीमेजवळचा. त्याचं आणि पारास्काचं भांडण बटाट्यावरून. ती बटाट्यांना बाराबोल्या म्हणायची, तो क्रुम्पली. मी पोल्ताव्हाचा, शाळेच्या पुस्तकातल्यासारखं कार्तोप्ल्या म्हणतो, म्हणून दोघंही मला खिजगणतीत धरत नसत.

"मावशी, जेवायला काय पाठवताय?"

"बाराबोल्या."

"ते काय असतं? आमच्याकडे माणसं क्रुम्पली खातात."

"मग उपाशी राहा."

ऑक्टोबरात फेदिर पुढच्या खंदकात असताना तिथे तोफांचा मारा झाला. सकाळपासून त्याचा सेट गप्प होता. दुपारी पलीकडचे सैनिक त्या खंदकापाशी फिरताना दिसल्याची खबर आली. आणि दिवस कलताना सेट अचानक बोलला. तोच पत्र्याचा आवाज.

"फेदिर. जुन्या गिरणीमागे. पायाला लागलंय. गाडी पाठवा."

कोण, कुठून, काय हवंय. अगदी पारास्काने शिकवलं होतं तसं. आणि तिथेच तिचा चेहरा उतरला.

"हा एवढं थोडक्यात कधीपासून बोलायला लागला?" ती म्हणाली.

कप्तान ओस्तापलाही तेच वाटलं. "सेट त्यांच्या हाती लागलाय. किल्ली पुसून टाका."

इथून एक बटण दाबलं की तिकडचा सेट मुका. तो खरंच फेदिर असला तर त्याला हाक मारायची तेवढीच वाट उरली होती. आणि नसला तर गिरणीमागे मरायला जाणार होतो मी, कारण गाडी मी चालवतो.

"मला एकदा बोलू द्या," पारास्का म्हणाली आणि परवानगीची वाट न बघता तिने सेट तोंडाशी धरला. "फेदिर, गाडी येतेय. सोबत गरमागरम कार्तोप्ल्या पाठवते."

कार्तोप्ल्या! हा माझा शब्द ती मेली तरी तोंडातून काढत नसे. माझ्या लक्षात आलं. दुसरा कुणी असता तर 'बरं' म्हणून मोकळा झाला असता.

सेटमधून काहीच येईना. कप्तानाचं बोट बटणावर गेलं.

मग खरखरला. "तुम्हीपण शाळेत जायला लागलात का, मावशी?" मधे धाप लागल्याचा आवाज. "क्रुम्पली. क्रुम्पली म्हणतात त्यांना. किती वेळा सांगायचं?"

पारास्का रडायलाच लागली. मी हुकमाची वाट बघितली नाही, गाडीची चावी उचलली आणि निघालो.

फेदिर आता घरी आहे, काठी घेऊन चालतो. पारास्का आमच्यात सरळ क्रुम्पली म्हणते, चुलीवर बटाटे चढवतानासुद्धा. कुणी हसलं तर त्याच्या ताटात वाढत नाही. फक्त फेदिरचा फोन आला की मुद्दाम बाराबोल्या म्हणते, आणि तो पुरता चिडल्याशिवाय फोन ठेवत नाही.