सुतकातली दाढी

चाकणला आमच्या चाळीत नळाशेजारी खिळ्याला एक आरसा टांगलेला आहे. सकाळी मी दात घासायला जातो, तेव्हा शेजारच्या खोलीतले भाऊ तिथे दाढी करत असतात. ते कंपनीत गाड्यांना रंग मारतात, कंत्राटावर. रंगात केस पडू नये म्हणून तिथे दाढी वाढलेल्या माणसाला गेटवरूनच परत पाठवतात.

ब्लेड फिरवताना त्यांची कुरकुर चालू असते. "गाडी कंपनीची, अन् ब्लेड आपल्या खिशातून. तुमचं कॉलेजवाल्यांचं बरंय, वाढवा अन् हिंडा!" शेवटी मान वर करून ते मलाच विचारतात, "बघा बरं, राहिली का कुठं?"

गेल्या महिन्यात त्यांचे वडील वारले. कंत्राटदाराने जास्त सुट्टी दिली नाही, म्हणून अग्नी देऊन ते लगेच परतले. सुतकात दाढी करायची नसते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तरी दुसऱ्या सकाळी ते आरशासमोर उभे राहिले. त्या दिवसापासून कुरकुर थांबली.

एका सकाळी ते स्वतःहूनच म्हणाले, "धाकट्या भावानं गावाकडून फोटो पाठवलाय. दाढी वाढलीय त्याची. अगदी बापासारखा दिसाय लागलाय."

मग तोंड पुसून त्यांनी मान वर केली. "बघा बरं, राहिली का कुठं?"

हनुवटीखाली थोडे केस राहिले होते.

"नाही," मी म्हणालो, "कुठंच नाही."