अण्णांचा पहारा

अण्णांचा मला राग होता आणि तो अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. बंगळूरच्या आमच्या संशोधन संस्थेत सगळे एकाच मोठ्या लिनक्स सर्व्हरवर काम करायचे आणि अण्णा त्याचे राखणदार. निपाणीकडचा माणूस, कपाळाला गंध, आणि एक बोट कायम 'डब्ल्यू'च्या कळीवर. तेवढं एक अक्षर देऊन एंटर मारलं की पडद्यावर सगळ्यांची नावं येत: कोण आत आहे, कधीपासून, काय चालवतंय, आणि किती वेळ त्याचा हात कीबोर्डला लागलेला नाही. अण्णांना गोडी या हात न लागण्याची.

"काय गं, कुठं गेल्तीस? लई वेळ हात हलला न्हाई," असं ते भर कॅन्टीनमध्ये, कॉफीच्या रांगेत विचारत. बाईमाणसाला हे चारचौघांत विचारू नये, एवढी पोच त्यांना नव्हती. वर पुन्हा, "यंत्र खोटं बोलत न्हाई, माणूस बोलतंय." मग हेच साहेबांच्या कानावर जाई. म्हणून आमच्यात एक रीतच पडली होती. कोणी जागेवरून उठलं की शेजारच्याने वाकून त्याच्या कीबोर्डची एखादी कळ दाबायची. शिकलेसवरलेले लोक आम्ही, आणि उद्योग हे.

सर्व्हर अडला तर अण्णा चुटकीसरशी सोडवत, ते मी नाकारत नाही. पण पहाराच कामापेक्षा मोठा झाला होता, नाकापेक्षा मोती जड.

माझं कंत्राट वाढवायचं की नाही, हे ठरवणारी बैठक दुसऱ्या दिवशी होती. तिच्यासाठीचं मोठं गणित सर्व्हरवर लावून मी जयनगरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. परत येते तो अण्णांनी मला सर्व्हरमधून बाहेर काढलेलं, आणि माझ्याबरोबर गणितही गेलेलं.

"गणित चालू होतं, दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं की. पण तू कुठं हुतीस?"

अर्धवट आकडे घेऊन मी बैठकीत उभी राहिले. वर्षाऐवजी सहा महिने मिळाले. त्या सहा महिन्यांत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही.

पुढे अण्णा निवृत्त झाले. त्यांच्या जागी नवा माणूस घ्यायला मंजुरी नव्हती, म्हणून मला कायम करून ते काम माझ्या गळ्यात मारलं. पहिल्याच सकाळी मी 'डब्ल्यू' दिला, तर सगळ्यांत वर अण्णांचं नाव. घरून आत आलेले. चालू काय, तर तीच यादी, दर काही सेकंदांनी नवी होणारी.

मी फोन लावला. "अण्णा, तुम्ही अजून आत आहात."

"होय की. सून म्हणते, टीव्ही बघा. टीव्हीत वळखीचं कोण हाय?"

"मी बंद करतेय."

ते कानडीवर आले. "स्वल्प थांब," म्हणाले, आणि मग, "सरी. बरं, कर."

मी त्यांना बाहेर काढलं. वाईट वाटलं, पण राग गेला नाही.

मग मी यादी पुन्हा पाहिली आणि जरा पाय मोकळे करायला उठले. समोरची मुलगी कॉफीला गेली होती. मला येताना पाहून तिच्या शेजारचा घाईने वाकला आणि त्याने तिच्या कीबोर्डची एक कळ दाबली.