कुंकू लागलेली कॅसेट

चांदपाशाकडे माझं लक्ष पहिल्यांदा गेलं ते आमच्या मुखेडच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात. बाकीचे शूटिंगवाले प्रमुख पाहुण्यांपुढून हलत नसत. हा मात्र भिंतीशी उभ्या बायकांकडे कॅमेरा वळवून म्हणाला, "मावशी, तोंडावरचा पदर काढा की. लेकरं मोठी झाल्यावर कुणाला बघतील?"

पुढे तो लातूरला गेला. शाळेतून शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर मीही तिथंच आलो. लग्नाची कामं नव्या पोरांकडे गेली, तेव्हा त्यानं जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचं काम धरलं. तासाच्या कॅसेटीला तासच लागतो, आणि तेवढा वेळ तो समोरून उठत नाही. आधी सगळं जसंच्या तसं दोन ठिकाणी जपून ठेवायचं, कापाकापी मग, हा त्याचा नेम. या कॅसेटी चालवणारा एकच कॅमेरा त्याच्याजवळ उरला आहे.

मागच्या वर्षी मी दुकानात बसलो असताना मुखेडची सिंधु एक कॅसेट घेऊन आली. तिच्या लग्नाचं शूटिंग चांदपाशानंच केलं होतं. तिचे वडील व्यंकटराव आता नाहीत. ते चालताना-बोलताना दिसतील असं चित्रण त्या एका कॅसेटीतच होतं.

चांदपाशानं कॅसेटीचं झाकण उचललं आणि थांबला. आत फितीवर कुंकू.

"ताई, हे काय हो?"

"देवघरातच ठेवली होती, चांदभाई. दर दसऱ्याला हळदकुंकू वाहते."

"पुण्य लई लागलं असंल. पण हे आत गेलं, की कॅमेरा बसलाच म्हणून समजा."

"मग न्हाई व्हायचं?"

"न्हाई कुठं म्हणलं? बसा, चहा सांगतो."

त्यानं बारीक स्क्रू काढले, मऊ ब्रशनं फीत वीत-वीत झाडली आणि दोन्ही रिळं दुसऱ्या कॅसेटीच्या खोळीत बसवली. त्यात दुपार गेली. कॅमेऱ्यात घालताना 'बिस्मिल्ला' म्हणाला. बराच वेळ पडद्यावर नुसते चौकोन हलत होते. मग मांडव दिसला, आणि व्यंकटरावांचा आवाज आला, "अरे, त्या टोकाच्या पंगतीला बुंदी गेली का न्हाई?"

सिंधु हसली. डोळे पुसत म्हणाली, "बघा गुरुजी, माझं लग्न अन् ह्यांचं सगळं ध्यान बुंदीकडं!"

कॅमेरा वाचला. चांदपाशा आता प्रत्येक कॅसेट आधी उघडून साफ करतो, आणि दिवसाला दोनच घेतो.